खांबेट्यांच्या गाडीला झेपेल अशी कॅराव्हॅन

हेमचंद्र खांबेटे विमानतळावर मालवाहू विमानांचं लोड प्लॅनिंग करायचा. विमानाच्या पोटात कुठला माल कुठे बसवायचा, पुढे किती ठेवायचं, मागे किती ठेवायचं आणि कशाला सरळ नाही म्हणायचं, हे ठरवणं त्याचं काम. विमानाची शेपूट जड झाली तर उभ्या जागी ते मागे बसतं आणि नाक वर करतं. नोकरीच्या सुरुवातीला असं एक विमान त्याने लांबून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. "सर, पेपरवर वेट लिहिलंय ना," असं कुणी म्हणालं, की तो चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "लिहिणाऱ्याने उचललं होतं का?" मग ती पेटी काट्यावर जायची.

घरीही हेच. पुण्याला जायच्या आधी बॅगा काट्यावर चढायच्या, आणि छायाच्या आईसाठी घेतलेला खजूर अर्धा खाली उतरायचा. शारजातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरली, की हेमचंद्र न बोलता बाहेर पडायचा आणि जिन्याने जायचा. छाया शाळेत बायॉलॉजी शिकवते. ती मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे हट्ट करायची सोय नाही. हट्टाचंही वजन होतं."

असा हा माणूस एका कॅराव्हॅनच्या प्रेमात पडला.

कॅराव्हॅन बदरुद्दीनभाई मुकादमांची. मुकादम मूळचे रत्नागिरीचे, आणि मुकादम-खांबेट्यांचा घरोबा मुलं लहान असल्यापासूनचा. बदरुद्दीनभाईंचं देराला टाइल्स आणि बाथरूम फिटिंगचं दुकान आहे आणि हमरिया फ्री झोनमध्ये गोदाम. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाकडून त्यांनी ही कॅराव्हॅन घेतली, गोदामात आणली आणि कुणाचंही न ऐकता सजवली. आणि ज्यांच्यासाठी सजवली त्या रुकय्याभाभींनी दारातूनच बघून हात झटकले.

"घरचा ओटा पुसून कंबर मोडली माझी. आता वाळवंटात जाऊन दुसरा ओटा पुसू? खलास."

"अगं, आउटिंग असतं ते."

"तुमचं आउटिंग. माझी ड्यूटी."

बदरुद्दीनभाई हिरमुसले आणि त्यांनी हेमचंद्राला गळ घातली. "खांबेटेसाहेब, तुम्ही तरी घेऊन जा एकदा. नवी नवरी मांडवात बसून राहिल्यासारखी वाटतेय मला."

हेमचंद्र नाही म्हणायलाच गोदामात गेला होता. पण आत शिरल्यावर त्याने सहज एक ड्रॉवर ओढला आणि बंद केला. ड्रॉवर "टक" करून बसला. हलेना. त्याने कपाट उघडलं. आत पेल्यांसाठी खाचा होत्या, ताटल्यांसाठी कप्पे होते. टेबल घडी होऊन भिंतीला चिकटत होतं, पलंगाच्या पोटात पेटारे होते. एक अख्खं घर, आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपापल्या जागी, बांधलेली, घसरणार नाही अशी. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नीट बसवणाऱ्या माणसाला आपला संसार असा नीट बसवलेला कधी दिसला नव्हता. त्याने तो ड्रॉवर पुन्हा पुन्हा उघडून बंद केला. बदरुद्दीनभाई बाहेर जाऊन चहा सांगून आले, तरी टकटक चालूच होती.

"छाया," घरी येऊन तो म्हणाला, "आपण अल ऐनला जाऊ, डोंगराकडे. कॅराव्हॅन घेऊन. आईही आल्याच आहेत."

साधनाताई, म्हणजे छायाच्या आई, थंडीचे म्हणून पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. छायाने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

हेमचंद्राने हिशोब मात्र केला, असं कुणी म्हणू नये की तो आंधळेपणाने निघाला. खांबेट्यांची गाडी साधी फॅमिली क्रॉसओव्हर. शाळा, भाजी, विमानतळ, एवढंच तिचं जग. गाडीचं स्वतःचं वजन पंधराशे पन्नास किलो. ती जास्तीत जास्त पंधराशे ओढू शकेल असं पुस्तकात होतं. पण "ओढू शकेल" आणि "सांभाळू शकेल" यांत फरक असतो, हे हेमचंद्राला ठाऊक होतं. मागचं धूड पुढच्या गाडीच्या तोडीचं झालं, की गाडी त्याला नेत नाही, ते गाडीला नेतं. म्हणून जाणकार सांगतात, की सामानासकट कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावं. म्हणजे इथे तेराशे सतरा. कॅराव्हॅनच्या दारावरच्या पट्टीवर रिकामं वजन होतं बाराशे दहा.

"शंभर किलो सामान न्यायला मिळतं," त्याने जेवताना जाहीर केलं. "चार माणसं. प्रत्येकी पंचवीस."

"बाबा, धिस इज लाइक अ बजेट एअरलाइन," त्यांची मुलगी मुग्धा म्हणाली. ती अकरावीत होती आणि मराठी फक्त आजीशी भांडताना बोलायची.

"पत्रिका जुळली म्हणायची," साधनाताई म्हणाल्या. "पण मुलाकडचे लोक पट्टीवर लिहितात तसेच असतात का, ते बघितलं का?"

हेमचंद्र हसला. पुढे हे वाक्य त्याला आठवलं तेव्हा तो हसला नाही.

गाडीला मागे हुक बसवला, त्याची तपासणी झाली, कागदावर नोंद झाली. या धावपळीत सामान भरायचं काम बायकांकडे आणि बदरुद्दीनभाईंकडे गेलं. छायाने मिक्सर घेतला, कारण मिक्सरचं असं वजन ते किती. साधनाताईंनी पुण्याहून आणलेला पितळी खलबत्ता घेतला, कारण मिक्सरमधल्या ठेच्याला चव नसते. मुग्धाने पुस्तकं घेतली, कारण परीक्षा होती. बदरुद्दीनभाई तर यजमान. त्यांनी कोळशाचं पोतं दिलं, जनरेटर दिला, पाण्याची टाकी काठोकाठ भरून दिली आणि वर एक लोखंडी शेगडी ठेवली. "पाहुण्यांना कमी पडता कामा नये," असं त्यांचं धोरण. सगळ्यात मोठी कपाटं मागच्या बाजूला, बाथरूमला लागून. म्हणून सगळं मागे गेलं.

शनिवारी सकाळी हेमचंद्राने आत डोकावून बघितलं. जमीन मोकळी, कपाटं बंद, पडदे टापटीप. समोर दिसणाऱ्या वस्तूंचं मनातल्या मनात वजन करणारा तो माणूस, पण कपाटाचं दार लागलं की वस्तूचं वजनही जातं, असं बहुतेक त्याला त्या दिवशी वाटलं असावं. त्याने ड्रॉवर एकदा टक करून बघितला आणि म्हणाला, "यल्ला, निघू या."

गाडी छाया चालवत होती. घरात चांगली ड्रायव्हर तीच. हेमचंद्र शेजारी बसून आरशात बघत होता. हमरियाहून बाहेर पडून मदाम गावाच्या बाजूने अल ऐनचा रस्ता धरेपर्यंत सगळं ठीक होतं. पांढरी कॅराव्हॅन मागे डुलत येत होती आणि हेमचंद्राचा ऊर भरून येत होता.

मग ती जरा जास्तच डुलायला लागली.

एक लांबलचक ट्रक शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅनने आधी उजवीकडे कूस घेतली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि दर वेळी जास्त. तिच्यासोबत गाडीची मागची बाजूही हलू लागली. लहान मुलाने मोठ्या कुत्र्याचा पट्टा धरावा आणि कुत्र्याला मांजर दिसावं, तसं झालं.

"ब्रेक!" हेमचंद्र ओरडला. "नको, ब्रेक नको! छाया, ब्रेक मार... मारू नकोस!"

"नक्की काय करू?"

"काहीतरी कर!"

मागे साधनाताई मोठ्याने रामरक्षा म्हणू लागल्या आणि अर्ध्यावर थांबून म्हणाल्या, "मुग्धा, सीटबेल्ट आहे ना गं?"

छायाने ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग घट्ट, सरळ धरून तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय फक्त उचलला. वेग उतरत गेला, मागचं झुलणं कमी होत गेलं आणि गाडी कडेच्या पट्टीत येऊन थांबली.

"ग्रेट," हेमचंद्र म्हणाला. "अगदी करेक्ट केलंस. कुठे शिकलीस?"

"शिकले कुठे! मला काही सुचलंच नाही, म्हणून पाय उचलला गेला," छाया म्हणाली आणि तिने इंजिन बंद केलं. साधनाताईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

हेमचंद्र खाली उतरला. कॅराव्हॅनभोवती एक फेरी मारली. मागची बाजू बसलेली, गाडीच्या हुकाला जोडलेला पुढचा दांडा वर ओढल्यासारखा ताणलेला. तो जागीच उभा राहिला. रात्रंदिवस ज्याच्या नावाने तो कंठशोष करायचा तेच समोर उभं होतं.

"टेल हेवी," तो पुटपुटला.

"बाबा, इजंट दॅट लिटरली युअर जॉब?" मुग्धाने विचारलं.

हेमचंद्र वाकून मागची चाकं बघू लागला.

जवळच एक भंगाराचं मोठं आवार होतं आणि तिथे ट्रक तोलायचा काटा. अगदी रांगत रांगत छायाने गाडी तिथवर नेली. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून कॅराव्हॅन न्याहाळली आणि विचारलं, "स्क्रॅप है?"

"नहीं, फॅमिली है," हेमचंद्र म्हणाला.

तोलायचे पैसे ऐकून साधनाताईंनी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाल्या, "एवढ्यात कोथरूडला माझं वजन आयुष्यभर करून देतील." मग लाडवाचा डबा आणायला म्हणून त्या कॅराव्हॅनमध्ये शिरल्या. सगळ्यांना काहीतरी गोड खाण्याची गरज आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. डबा अर्थातच सगळ्यात मागच्या कपाटात होता.

हेमचंद्राला हे दिसलं नाही. त्याला फक्त कॅराव्हॅनचं वजन हवं होतं, म्हणून ती काट्यावर ठेवून गाडी सोडवायची होती. त्याने पुढचं टेकूचं चाक खाली सोडलं, चाकांना लाकडी ठोकळे लावले, हुकाची कडी उघडली.

दांडा हुकावरून सुटला आणि वर जाऊ लागला.

सावकाश, अदबीने, दरबारात कुणी उठून उभं राहावं तशी कॅराव्हॅनने मान वर केली. मागची कड काट्याच्या पत्र्यावर "ठण्ण" करून टेकली. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ साधनाताईंचा.

"हेमचंद्र! अहो, घर फिरलं!"

हेमचंद्राने झेप घेऊन दांडा पकडला आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले. दुसऱ्या बाजूने छाया लोंबकळली. मुग्धा व्हिडिओ काढत होती.

"आई, पुढे या! नाकाकडे या!"

"नाक कुठलं?"

"पुढचा भाग! पुढचा!"

"पुढचा भाग डोंगरावर गेलाय! मी बाथरूमच्या दाराला टेकून बसलेय!"

"मग चढा! पलंगाची कड धरून चढा, आणि हळू, एकदम नको!"

"अंदर आदमी है क्या?" काटेवाला खिडकीतून ओरडला. "बाहर निकालो. वजन गलत आएगा."

साधनाताई चढल्या. डबा काखेत धरून, एका हाताने पलंग, मग टेबल, मग खिडकीची चौकट धरत त्या पुढे येत गेल्या, आणि त्या येतील तसतशी कॅराव्हॅन मान खाली घालत गेली. टेकूचं चाक टेकलं. काटेवाल्याने स्वतः बाहेर येऊन मागच्या बाजूखाली दोन लाकडी ओंडके सरकवले. साधनाताई दारात आल्या, केस विस्कटलेले, चष्मा तिरपा. त्यांनी डब्याचं झाकण उघडून बघितलं.

"लाडू फुटले नाहीत," त्या म्हणाल्या. "घ्या."

काट्यावर आकडा आला. सोळाशे चाळीस.

हेमचंद्राने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गाडीची ताकद पंधराशे. भरलेल्या कॅराव्हॅनची स्वतःची कमाल मर्यादाही पंधराशेच. आणि त्याच्या हिशोबात बसत होते तेराशे सतरा.

"अरे, पण पट्टीवर बाराशे दहा लिहिलंय," तो म्हणाला.

छाया लाडू खात होती. तिने तो सावकाश गिळला. "लिहिणाऱ्याने उचललं होतं का?"

त्या भंगाराच्या आवारात हेमचंद्राला आपल्या पायाखालची जमीन भंगारात काढावीशी वाटली. पण लाज वाटून वजन उतरत नाही. त्याने बाह्या सारल्या. कोळसा उतरला, जनरेटर उतरला, शेगडी, मिक्सर, पुस्तकं, खलबत्ता. टाकीचं पाणी सोडलं तेव्हा साधनाताई हळहळल्या आणि त्यांनी एक बादली भरून कोपऱ्यातल्या वाळक्या कडुनिंबाला घातली. आवारात खांबेट्यांचा संसार मांडला गेला. काटेवाल्याने खलबत्ता हातात घेऊन वाजवून बघितला आणि पितळेचा भाव सांगितला. साधनाताईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पुन्हा आकडा आला. चौदाशे साठ. आत एक चमचाही नव्हता.

हेमचंद्र रिकाम्या कॅराव्हॅनमध्ये जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याने ड्रॉवरकडे न बघता आजूबाजूला बघितलं. चकचकीत काळा ओटा. बाथरूमला खाली आणि भिंतीवर टाइल्स. त्याने ओट्यावर बोटाची गाठ वाजवली आणि फोन लावला.

"बदरुद्दीनभाई, ओटा कशाचा आहे?"

"ग्रॅनाइट!" पलीकडून अभिमानाने उत्तर आलं. "ओरिजनल ओटा प्लायवूडचा होता हो, हलका, फालतू. मी सगळा काढून टाकला."

"आणि बाथरूम?"

"फुल टाइल्स. आपल्या घरात लावतो तोच माल. हबीबी, तुम्ही खुश ना?"

ओटा हातोड्याने फोडून काढावा, असं क्षणभर हेमचंद्राच्या मनात आलं. बाहेर हातोडेही पुष्कळ होते. पण वस्तू दुसऱ्याची, आणि ती त्याने इतक्या हौसेने केलेली. तो खाली उतरला आणि म्हणाला, "नाही. आपली गाडी ही नेणार नाही. रिकामीसुद्धा नाही."

"मग परत?" छायाने विचारलं.

"परत तरी कशी नेणार? परत म्हणजे पण ओढणंच."

हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे लाडू खात उभे राहिले.

मदतीला आल्या त्या रुकय्याभाभी. त्यांच्याकडे एक अजस्र फोर-व्हील होती. थोरला मुलगा हम्माद, त्याची बायको, नातवंडं आणि आठवड्याचा बाजार एका खेपेत नेणारी. हम्मादच्या जेट-स्कीसाठी तिला मागे भक्कम हुकही होता. भाभी स्वतः चालवत आल्या, बदरुद्दीनभाई शेजारी चेहरा पाडून बसलेले. वाटेत त्यांना पुरेसं ऐकवून झालं असावं.

"माझ्यावर रागावू नका, खांबेटेसाहेब," ते उतरता उतरता म्हणाले. "मला वाटलं, मजबूत असलेलं बरं."

"गाडीचं वजन किती, भाभी?" हेमचंद्राने विचारलं.

"मला काय ठाऊक? काटा आहे ना समोर."

हे उत्तर हेमचंद्राला इतकं आवडलं, की त्याचे डोळे भरून यायचेच बाकी होते. फोर-व्हील काट्यावर चढली. सव्वीसशेच्या वर. मग त्याने काम हातात घेतलं. जड वस्तू खाली, चाकांच्या जरा पुढे, पलंगाच्या पोटात. हलकं तेवढं वरच्या कपाटात. मागे फक्त उशा. कोळशाचं पोतं काटेवाल्याला भेट. जनरेटर फोर-व्हीलमध्ये. तो ओरडत नव्हता, घाई करत नव्हता. बदरुद्दीनभाई आणि मुग्धा त्याच्या हाताखाली गुपचूप सामान उचलत होते. छाया बाजूला उभी राहून बघत होती. इतकी वर्षं हा माणूस ऑफिसात नेमकं काय करतो, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी हेमचंद्र आणि बदरुद्दीनभाईंनी मिळून दांडा उचलून पाहिला. जड लागला. मागे झुकणारी कॅराव्हॅन आता हुकावर बेताची टेकली होती. काट्यावर पुन्हा एकदा आकडा पाहून हेमचंद्र म्हणाला, "हो."

"काय म्हणालास?" छायाने विचारलं.

"हो म्हणालो. नेऊ शकतात भाभी."

"डॅड सेड येस," मुग्धा म्हणाली. "मला रेकॉर्ड करायला हवं होतं." हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून मराठीत निघालं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भाभींनी सबंध रस्ता डावीकडची वेगाची लेन एकदाही न घेता, तसबीहचे मणी ओढत असल्यासारख्या शांतपणे कॅराव्हॅन अल ऐनला नेली. मागून खांबेट्यांची गाडी हलक्या अंगाने गेली. डोंगराच्या पायथ्याशी जागा मिळाली, आणि भाभी पहिल्यांदाच आत शिरल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग चहा आला, मग साधनाताई आत गेल्या, मग खलबत्त्याचा आवाज आला.

"ओटा चांगला आहे हो," भाभी खिडकीतून नवऱ्याला म्हणाल्या. "पटकन पुसला जातो."

बदरुद्दीनभाईंनी हेमचंद्राचा हात घट्ट दाबला. त्या मुक्कामात बायका कॅराव्हॅनमध्ये झोपल्या आणि दोघे पुरुष फोर-व्हीलमध्ये, जनरेटरला खेटून. भाभींनी नंतर ती कॅराव्हॅन कुणालाही दिली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

गोष्ट शारजाभर झाली, कारण मुग्धाचा व्हिडिओ. लोक आधी हसले आणि मग फोन करू लागले. "खांबेटेसाहेब, सेडान आहे, ट्रेलर घेऊ का?" "आमची सेव्हन-सीटर आहे, मावसभावाची कॅराव्हॅन येईल का?" हेमचंद्र कुणालाही फोनवर उत्तर द्यायचा नाही. "आधी भरा, मग काट्यावर आणा," एवढंच. बऱ्याच जणांना त्याने परत पाठवलं. एका गृहस्थाने "पाच-पन्नास किलो अ‍ॅडजस्ट करा ना" म्हटलं, तर त्याने त्यांना भंगारातला तो व्हिडिओ दाखवला. ते साधनाताईंचा चढाव पूर्ण होईपर्यंत बघत राहिले आणि गाडी वळवून परत गेले.

पुढच्या थंडीत खांबेट्यांनी स्वतःची कॅराव्हॅन घेतली. एवढीशी, अंड्यासारखी, भरून सातशे किलोच्या आत. विकत घ्यायच्या आधी हेमचंद्राने ती तोलून घेतली, विकणाऱ्याचा चेहरा कितीही वाकडा झाला तरी. तिच्यात दोघांना एका वेळी उभं राहता येत नाही. एकाने चहा करायचा तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. मुग्धा बाहेर तंबूत झोपते आणि तिला तेच हवं असतं.

पहिल्या सकाळी अल ऐनला छायाने चहा केला आणि हेमचंद्र पाय वर घेऊन बसला. कप देताना तिचं डोकं छताला आपटलं, चहा त्याच्या पायजम्यावर सांडला, आणि दोघांनाही जागा नसल्यामुळे हसायला बाहेर यावं लागलं.